चिकट बटणे आणि चकचकीत समीक्षा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी समीक्षेत ‘वस्तू’ या शब्दाला भलतीच प्रतिष्ठा आली आहे. चर्चासत्रांतून मोबाईलवर, मॉलवर, जीन्सवर निबंध वाचले जातात. मोटारगाडी तर अशा निबंधांची लाडकी नायिका. गाडी म्हणजे सत्ता, गाडी म्हणजे पौरुष, गाडी म्हणजे जागतिकीकरण, अशी समीकरणे मांडून निबंध संपतो आणि चहा येतो. या निबंधांविषयी आमची तक्रार एकच आहे : त्यांतली गाडी कधी जुनी होत नाही. तिचा खटका तुटत नाही, तिच्या छताचे कापड लोंबत नाही, तिच्या बटणाला बोट चिकटत नाही. जी कधी बिघडतच नाही अशी वस्तू केवळ जाहिरातीत असते. जाहिरात वाचून वस्तू वाचल्याचा आव आणणे हा आजच्या सांस्कृतिक समीक्षेचा मुख्य दोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत तपासून पाहण्यासाठी आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक उदाहरण घेत आहोत : फेरारी गाडीतले बटण.

इटलीतील मारानेल्लो येथे तयार होणारी फेरारी ३६० मोडेना १९९९ साली आली. २००४ मध्ये तिची जागा एफ ४३० ने घेतली. या गाड्यांच्या इंजिनांविषयी आणि वेगाविषयी जगभर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. आम्हांला रस आहे तो आतल्या भागात. तेथील बटणे, एसीच्या जाळ्यांच्या चौकटी, दोन आसनांमधल्या पट्टीवरचे प्लास्टिक यांवर कारखान्यात एक मऊ, मखमली लेप दिलेला असे. उघडे प्लास्टिक बोटांना स्वस्त लागते. लेपामुळे तेच प्लास्टिक श्रीमंत लागते. लेपाचे काम एवढेच. दहा-पंधरा वर्षांनी हा लेप वितळल्यासारखा होतो. बटण दाबावे तर बोटाला काकवीसारखा काळा चिकटा लागतो, त्यावर धूळ बसते, नखांचे ओरखडे उठतात. ज्या गाडीची किंमत कोटींत मोजायची तिच्या आत हात लावण्याची किळस यावी, अशी अवस्था होते. एफ ४३०च नव्हे, त्या काळातील फेरारीच्या इतर मॉडेलांतही हा दोष इतका सर्रास आढळतो की जुनी फेरारी घेणारा इंजिनाच्या खालोखाल बटणांची चौकशी करतो.

असे का होते? हा लेप पॉलियुरेथेनच्या कुळातला. त्याच्या लांबच लांब साखळ्या हवेतील ओलाव्याने हळूहळू तुटतात आणि घट्ट पदार्थाचा चिकट राळा होतो. उष्णतेने हे काम वेगाने होते. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी म्हणजे त्यासाठी आयतीच भट्टी. हातांचे तेल आणि मलमे त्यात आपला वाटा उचलतात. हा आजार फेरारीपुरता मर्यादित नाही. त्याच काळातले कॅमेरे, विजेऱ्या, संगणकाचे माऊस यांनाही तो होतो. १९७० आणि ८०च्या दशकांतील अनेक ध्वनिफिती अशाच चिकट होतात, कारण त्यांतील चुंबकीय भुकटी धरून ठेवणारे द्रव्य याच कुळातले. अभिलेखागारांत अशा फिती सुमारे ५० अंश सेल्सिअसवर काही तास शेकतात आणि त्या पुन्हा बिघडण्यापूर्वी ध्वनी उतरवून घेतात. १९९६ साली आलेल्या जॅग्वार एक्सके ८ या गाडीत छताचे अस्तर लोंबते, तेही त्यामागच्या स्पंजाचा भुगा होऊन कापडाला आधार न उरल्याने. मौखिक साहित्याच्या ध्वनिमुद्रणावर संशोधन करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे नाते ध्यानात घ्यावे. श्रीमंताच्या बटणाला आणि एखाद्या जात्यावरच्या ओव्यांच्या फितीला एकच काळ एकाच रीतीने खातो.

आता दुरुस्तीकडे वळू. ती करणारे गाडीमालक जे करतात ते असे. प्रथम बॅटरीचा संबंध तोडायचा. मग धातूचा पाना न वापरता प्लास्टिकच्या पातळ पट्टीने बटणांची पाटी अलगद उचकटायची, कारण धातूने शेजारच्या चामड्यावर कायमचा वण उठतो. कोणता स्क्रू कोठून निघाला याची नोंद करायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने लेप पुसायचा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहायचे, द्रव स्विचच्या आत उतरू द्यायचा नाही, घाई करायची नाही. फडकी काळी होत जातात आणि खालून साधे, टणक प्लास्टिक बाहेर येते.

येथे एक पेच उभा राहतो आणि आमच्या दृष्टीने तो साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. अनेक बटणांवरील चिन्ह वरून छापलेले नसते. लेझरने वरचा काळा थर कोरून काढलेला असतो आणि खालचा प्रकाश त्या कोरीव जागेतून दिसतो. म्हणजे चिन्ह हे लेपातले छिद्र होय. लेप काढला तर चिन्ह जाते. चिन्ह राखावे तर चिकटा राहतो. मग काहीजण नवा टणक रंग देऊन चिन्हे पुन्हा लेझरने कोरून घेतात, काहीजण बटणे कोरीच ठेवून कोणते कशाचे हे बोटांच्या आठवणीवर सोपवतात, तर काहीजण नवा भाग विकत घेतात. नवा भाग जुन्याच लेपाचा असेल तर पैसे देऊन फक्त मुदत वाढवून घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

चिन्ह आणि त्याचा आधार यांच्या नात्यावर आमच्या विभागांतून सोस्यूरच्या नावाने वर्षानुवर्षे व्याख्याने होत आहेत. त्यांतील किती व्याख्यानांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने उभा राहिला असेल?

वस्तूंच्या वाचनाचा आद्य ग्रंथ म्हणून आमच्याकडे रोलां बार्थच्या १९५७ सालच्या ‘मिथॉलॉजीज’चे नाव घेतले जाते. त्यातील सित्रोएन डीएस या गाडीवरचा लेख जवळपास प्रत्येक निबंधात येतो. १९५५च्या पॅरिस प्रदर्शनात अवतरलेल्या त्या गाडीला बार्थ गॉथिक कॅथेड्रलच्या पंक्तीला बसवतो, हे सर्वांना पाठ असते. पण त्याच लेखात पुढे तो प्रदर्शनातल्या गर्दीकडे वळतो, हे फार थोड्यांना आठवते. लोक गाडीला हात लावतात, पत्र्यावरून, सांध्यांवरून, आसनांवरून बोटे फिरवतात आणि त्या स्पर्शाने तिची जादू उतरते, असे त्याचे निरीक्षण आहे. दृष्टी मोहवते, स्पर्श मोह सोडवतो. आमच्या समीक्षकांनी बार्थची दृष्टी तेवढी उचलली आणि स्पर्श प्रदर्शनातच ठेवून दिला. शिवाय बार्थचा स्पर्श पहिल्या दिवसाचा होता. विसाव्या वर्षीचा स्पर्श कसा असतो, हे सांगायला समीक्षक उरला नव्हता. ते काम फडके आणि अल्कोहोल घेऊन बसलेल्या मालकाने केले. अवजार मोडले की मगच ते अवजार म्हणून डोळ्यांत भरते, हे हायडेगरने १९२७ साली सांगितले होते. त्याचे नाव घेणारे पुष्कळ. मोडलेल्या अवजारापाशी थांबणारे विरळा.

पूर्वपक्ष आम्हांला ठाऊक आहे. एसटीच्या फाटक्या आसनांच्या देशात फेरारीच्या बटणाची कसली चिंता? श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी शाई कशाला खर्चावी? हा आक्षेप नैतिक वाटतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

महाराष्ट्राने फेरारी ३६० मोडेनावर एकदा कडाडून वाद घातलेला आहे. २००२ साली, ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल, तेव्हा फेरारीची मालकी असलेल्या फियाटने सचिन तेंडुलकरला हीच गाडी भेट दिली. २००३ मध्ये तिच्या आयातशुल्काची माफी गाजली, प्रकरण न्यायालयात गेले, अखेर शुल्क फियाटने भरले. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली आणि २०१२ मध्ये तिच्याभोवती ‘फेरारी की सवारी’ हा चित्रपट फिरला. या साऱ्या काळात गाडीवर जे लिहिले गेले ते शुल्क, कीर्ती आणि स्वप्न यांवर. शुल्काचा प्रश्न रास्तच होता. पण उष्ण, दमट मुंबईच्या हवेत अशा गाडीच्या आतील लेपाचे काय होत असेल, एवढा साधा, भौतिक प्रश्न कोणालाही सुचला नाही. तेव्हाही गाडी हे चिन्हच होते.

आक्षेपाचे दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ज्याने वस्तूसाठी सर्वांत जास्त पैसे मोजले त्यालाही ती उघडण्याचा, तिचा लहानसा भाग मिळवण्याचा, स्वतःच्या हाताने ती नीट करण्याचा मार्ग सुकर नसेल, तर इतरांची काय कथा? बटणावरचा लेप गेला की पुष्कळदा पुढे येते ती सबंध पाटी, तीही अधिकृत दुकानातून. हा तर्क फेरारीपासून सुरू होऊन तुमच्या-आमच्या साध्या गाडीपर्यंत येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष तपासण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली नाहीत म्हणून. त्या चौदांत फेरारी नव्हती. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या गाड्यांच्या कंपन्या होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ साली मतदारांनीच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. दुरुस्तीचा हक्क हा मालकीचाच अर्थ ठरवणारा प्रश्न आहे. विकत घेतलेली वस्तू उघडता येत नसेल, तर आपण तिचे मालक की भाडेकरू?

आणखी एक प्रश्न अस्सलपणाचा. जुन्या फेरारीच्या बाजारात ‘मूळ’ या शब्दाला सोन्याचा भाव आहे. कंपनी स्वतः जुन्या गाड्यांना अस्सलतेचे प्रमाणपत्र देते. पण बटणाच्या बाबतीत मूळ कोणते म्हणावे? कारखान्यातून आलेला आणि आता राळा झालेला लेप, की त्या लेपाने एके काळी दिलेला अनुभव, जो आता वेगळ्याच रंगाने परत आणावा लागतो? मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न नवा वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता : तीनशे वर्षांच्या हातांनी चढलेला थर काढायचा, पण त्याबरोबर अक्षर जाऊ द्यायचे नाही. त्या कामाला आपण आदराने संपादन म्हणतो. बटण नीट करणाऱ्याच्या कामाला मात्र ‘छंद’ म्हणून हसतो.

या हसण्यामागे जुना उच्चनीचभाव आहे, हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या अभंगांत त्यांच्या धंद्याची अवजारे आली, तर आपण त्यांवर प्रबंध लिहितो. मर्ढेकरांनी कवितेत यंत्रयुगाचे शब्द आणले, तर त्याला नवता म्हणतो. आजच्या गॅरेजातला खटका, खाच, चाप, क्लिप, कुशनवाल्याची दाभण मात्र आपल्या शब्दकोशांच्या उंबऱ्याबाहेर उभी. चार-पाचशे वर्षे जुने झाल्याशिवाय हाताच्या कामाला आपण साहित्याच्या दारात येऊ देत नाही.

दुरुस्तीच्या लेखनाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे विशेषण चालत नाही. ‘हळुवारपणे’ असे लिहिले तर किती हळुवार, हे सांगावे लागते. क्रम चुकला तर वाचणाऱ्याच्या हातात तुटलेला तुकडा येतो. लिहिणाऱ्याचे खरेखोटे दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी बटणावर सिद्ध होते. आपल्या समीक्षेतील किती वाक्ये या कसोटीला उतरतील, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

आमची सूचना साधी आहे. एम. ए.च्या ‘साहित्य आणि समाज’ यांसारख्या अभ्यासपत्रिकेत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक बिघडलेली वस्तू द्यावी. तिचा दोष काय, तो का झाला, ती उघडता येते का, येत नसेल तर कोणी येऊ दिले नाही, आणि ती नीट केल्यावर तिच्यातले काय गेले, हे दहा पानांत लिहायला सांगावे. फेरारी मिळणार नाहीच. छत्री, रेडिओ, गिरणीचा पट्टा, काहीही चालेल. ‘प्रतीक’ हा शब्द त्या दहा पानांत वापरण्यास बंदी असावी. तो शब्द अकराव्या पानावर आपोआप येईल आणि तेव्हा त्याला काही अर्थ असेल.