लाजाळूंचा जिल्हा आणि आत्मविश्वासाचे दुकानदार

पुस्तकांच्या प्रदर्शनातली मांडणी अलीकडे कोठेही सारखीच असते, आमच्या रत्नागिरीतही. कविता मागच्या मेजावर, समीक्षा बहुधा मेजाखालच्या खोक्यात, आणि दर्शनी जागेवर भय जिंकण्याची, न्यूनगंड घालविण्याची, एकवीस दिवसांत आत्मविश्वास मिळवून देण्याची पुस्तके. त्यांच्या खपाविषयी आमची काही तक्रार नाही. विकणाऱ्याने विकावे, घेणाऱ्याने घ्यावे. आमचा वाद आहे तो मराठीच्या अध्यापकांशी, म्हणजे आमच्याच बिरादरीशी. एखाद्या वाक्यामागचे गृहीतक हुडकून काढावे कसे, हे शिकविण्याचा पगार ज्यांना मिळतो, तीच मंडळी व्यक्तिमत्त्व विकासाचा तास आला की या पुस्तकांतली गृहीतके फळ्यावर उतरवून देतात. कादंबरीतल्या पात्राच्या भीतीची कारणे त्याच्या घरात, जातीत, काळात शोधा असे सांगणारा अध्यापक समोरच्या बाकावरच्या मुलीच्या भीतीकडे वळताच एकदम वैद्य कसा होतो?

ही गृहीतके तीन आहेत. भीती ही माणसाच्या आतली उणीव होय. ती ज्याची त्याने, एकट्याने, दूर करावयाची असते. आणि ती दूर झाली म्हणजे मग माणूस कृतीस लागतो. आधी आत्मविश्वास, नंतर कार्य. आम्हांस ही तिन्ही खोटी वाटतात, आणि त्यासाठी पुरावा गोळा करावयास जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची गरज नाही.

खेड तालुक्यातल्या शेरवलीत १८५८ साली जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरूडात वाढलेले धोंडो केशव कर्वे घ्या. भारतरत्न, महर्षी, शंभरी ओलांडलेले. त्यांच्या ‘आत्मवृत्ता’चे (१९१५) आपण नक्की काय केले आहे? त्याचे धैर्याचे पाठ्यपुस्तक केले आहे. वास्तविक ते एका लाजाळू, भिडस्त माणसाचे पुस्तक आहे, आणि हा लाजाळूपणा लेखक कोठेही झाकीत नाही. १८७५ साली हा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची, घाटाची वाट. तेथे परीक्षेच्या अध्यक्षांस तो सतरा वर्षांचा दिसला नाही, म्हणून त्यास बसू दिले गेले नाही. शाळेतल्या भाषणांत या प्रसंगाला ‘जिद्द’ हे नाव मिळते. आम्ही तो वाचतो तेव्हा आम्हांस त्यात दिसते ते अधिकाऱ्याच्या मेजासमोर एका खेडवळ मुलाचे हतबल असणे. दाखला असून, पाय चालून थकले असून, चेहरा लहान दिसतो एवढ्यावरून परत पाठविले जाणे. येथे त्याच्यात कोणत्या आत्मविश्वासाची कमतरता होती, हे आमच्या कार्यशाळावाल्या मित्रांनी सांगावे.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई देवरूखच्या जोशांची मुलगी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. लग्नानंतर ही दोघे मुरूडास गेली तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार जाहीर केला. जो त्यांना घरात घेईल तोही वाळीत. सख्ख्या आईभावांनाही त्यांना उघडपणे जवळ करता येईना. या भीतीला काय म्हणाल? न्यूनगंड? नकारात्मक विचारसरणी? तिला गाव होते, सभा होती, ठराव होता. ती मनात निर्माण झालेली नव्हती, चावडीवर निर्माण झाली होती. आणि हे सारे एकोणिसाव्या शतकाबरोबर संपले अशी कोणाची समजूत असेल तर तीही सोडावी. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची पाळी महाराष्ट्रावर २०१६ साली आली, आणि त्यामागे कोकणातली गावकीची प्रकरणे होती. ज्याचे घर गावकीने तोडले आहे, त्याला सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असे अकरा वेळा म्हणावयास सांगणे हा क्रूर विनोद आहे.

तरीही कर्व्यांनी कार्य केलेच ना, असा प्रश्न येईल. केले. पण ते निर्भय होऊन केले असे नव्हे. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर त्यांनी त्याला पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणीवपूर्वक दूर ठेवले. लोक बिथरतील, मुली येणार नाहीत, वर्गणी आटेल. काही अभ्यासक याला मुत्सद्देगिरी म्हणतात, काही कच खाणे म्हणतात. आम्हांस ती भीतीशी केलेली तडजोड वाटते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. तिच्याइतकी जागा सोडून उरलेल्या जागेत काम करणे, आणि कामाने जागा थोडी वाढली की पुढे सरकणे, हीच त्यांची रीत होती. आधी आत्मविश्वास आणि नंतर कार्य हा क्रम या चरित्रात कोठे सापडत नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, महिला विद्यापीठासाठी जगाच्या प्रवासास निघणारे कर्वे हे त्या सगळ्या खटाटोपाचे फळ होते, त्याचे भांडवल नव्हे.

येथे आमच्या व्यवसायाचा दुसरा दोष सांगितलाच पाहिजे. बाजार म्हणतो, भीती हा दोष. आपण जयंतीच्या भाषणात म्हणतो, थोरांना भीती नव्हतीच. या दोन विधानांत मुळीच विरोध नाही. दुसरे पहिल्याची जाहिरात आहे. पुतळा जितका निर्भय, तितका विद्यार्थी स्वतःला क्षुद्र समजणार, आणि तितकी पुढच्या मेजावरची पुस्तके खपणार.

पुतळा होण्याइतपत प्रसिद्धी जिच्या वाट्याला आली नाही अशी एक बाई मात्र या वादात आम्हांस कर्व्यांहूनही मोलाची साक्षीदार वाटते. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. देवरूखात १८७० साली जन्म, विशीतच वैधव्य, पदरी एक मुलगा. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ सालचे. विधवेच्या वेषात, केशवपन केलेल्या अवस्थेत, ही बाई आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडली, सभांतून बोलली. ज्या वेषाने तिने समोर येऊच नये असा संकेत, त्याच वेषात ती लोकांपुढे उभी राहिली. केशवपन तिने थांबविले ते १९१२ साली, म्हणजे पुष्कळ वर्षे जाहीर काम केल्यानंतर. ज्यांना आत्मविश्वासाचा आलेख सरळ वर चढताना पाहण्याची सवय आहे, त्यांनी या क्रमाचा विचार करावा. सभेपुढे बोलता येत होते. स्वतःच्या डोक्यावर केस ठेवणे मात्र अजून जमत नव्हते. माणूस एका ठिकाणी धीट आणि दुसऱ्या ठिकाणी भित्रा असतो, आणि कोणत्या ठिकाणी काय, हे ठरविण्यात त्याच्या स्वभावापेक्षा त्या ठिकाणाचा वाटा मोठा असतो.

योगायोग असा की, त्याच १९१२ साली डेल कार्नेगी न्यूयॉर्कच्या वायएमसीएत भाषणकलेचे वर्ग सुरू करीत होता. आज आपल्या दर्शनी मेजावर त्याचे वंशज आहेत. पार्वतीबाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी पैसा मिळविण्यासाठी त्याच अमेरिकेत गेल्या. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. लोकांच्या घरी मोलकरणीची कामे करून त्या तेथे राहिल्या. ‘माझी कहाणी’चे इंग्रजी भाषांतरही १९३० साली झाले. मराठी विभागांच्या किती अभ्यासक्रमांत ही कहाणी आहे आणि किती अध्यापकांनी ती मुळातून वाचली आहे, हे ज्याचे त्याने स्वतःशी मोजावे.

आता वर्गाकडे. रत्नागिरीच्या महाविद्यालयांत संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर येथून मुले येतात. घरी त्यांची बोली वेगळी, कोणाची संगमेश्वरी, कोणाची कोकणी मुसलमानांची, राजापूरच्या पलीकडे गेले की मालवणीच्या जवळची. पहिल्या महिन्यात एखादा मुलगा उठतो, उत्तर देतो, ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ होतो, वर्ग हसतो, आणि अध्यापकही हसू आवरीत नाहीत. मुलगा बसतो तो तीन वर्षे बसतो. मग तृतीय वर्षाला मुलाखतीची तयारी म्हणून बाहेरून वक्ते बोलाविले जातात आणि ते या मुलाला सांगतात की, तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे. जे आपण काढून घेतले, तेच त्याच्यात मुळात नव्हते असे ठरवून त्याला परत विकावयाचे. याला सावकारी म्हणतात.

आणि हाच मुलगा सुटीत गावी गेला म्हणजे काय करतो? नमनात सोंग घेतो. काळ्या वेषातला संकासुर होऊन शेकडो माणसांसमोर नाचतो, त्यांची टिंगल करतो. जाखडीत उभा राहतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या शाहिराने घातलेल्या कोड्याला भर गर्दीत, उभ्या उभ्या, यमक जुळवून उत्तर देतो. ज्याला वर्गात चाळीस जणांपुढे एक वाक्य पुरे करता येत नाही, त्याला रात्रभर मैदान गाजविता येते. आत्मविश्वास हा जर माणसाच्या अंगातला पदार्थ असता, तर तो एस.टी.तून उतरताना डेपोत राहून गेला असे मानावे लागेल. खरी गोष्ट अशी की तेथली सभा त्याच्या भाषेची आहे, चुकले तर सावरून घेणारे ढोलकीवाले आणि झील धरणारे मागे आहेत, आणि हसणारे लोक त्याच्याबरोबर हसतात. आपल्या वर्गात यांपैकी काहीही नाही.

मालगुंडच्या केशवसुतांची येथे आठवण होते. अबोल, माणसांत न रमणारा हा कवी. त्याचे छायाचित्रदेखील आपल्याला उपलब्ध नाही. ‘तुतारी’ १८९३ची, म्हणजे कर्व्यांच्या पुनर्विवाहाच्याच वर्षातली. भाषणकलेच्या वर्गात त्याला बहुधा ‘सुधारणेस वाव आहे’ असा शेरा मिळाला असता.

आमच्यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. तुम्ही समाजावर बोट दाखविता, पण उद्या त्या मुलाला मुलाखतीस जावयाचे आहे. समाज बदलेपर्यंत त्याने थांबावे काय? हा आक्षेप रास्त आहे. मुलाखतीची तालीम जरूर घ्यावी. आवाज कोठे सोडावा, प्रश्न कळला नाही तर काय म्हणावे, प्रमाण मराठीत आणि मोडक्या इंग्रजीत वेळ कशी निभावावी, हे सारे शिकविता येते. ते कौशल्य आहे, सरावाने येते, आणि नमनाची मुले महिनाभर तालीम करतात तेव्हा हेच करीत असतात. आमचा विरोध तालमीला नाही. तालमीला निदानाचे रूप देण्याला आहे. मुलाला ‘तुला हे येत नाही, शिकू’ असे म्हणणे वेगळे, आणि ‘तू भित्रा आहेस, बदल’ असे म्हणणे वेगळे.

तेव्हा मराठी विभागांपुढे आमची मागणी साधी आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचा जो तास वेळापत्रकात आहे तो ‘आत्मवृत्त’, ‘माझी कहाणी’ आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ यांच्या वाचनास द्यावा. लेखक कोठे घाबरला, कोणाला घाबरला, आणि घाबरलेला असताना त्याने काय केले, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तरे मुलांनी ज्या बोलीत द्यावयाची त्या बोलीत द्यावीत. आणि पहिल्या महिन्यात कोणी ‘पानी’ म्हणाले तर अध्यापकांनी पुढचे वाक्य ऐकावे.