तीनशे फुटांतले धुणे

मुंबईत 1995 साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा कुटुंबाच्या वाट्याला 225 चौरस फुटांचे घर येई. पुढे ते 269 आणि नंतर 300 चौरस फुटांचे झाले. एवढ्या जागेत चौघांचा संसार मांडून त्यातच धुलाईयंत्र बसवावयाचे असते. दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो तो 'किती किलोचे हवे?' असा. वास्तविक तो 'ठेवणार कोठे?' असा असावयास हवा.

साठ सेंटिमीटर लांब-रुंद यंत्र जवळजवळ चार चौरस फूट जागा अडविते. चौरस फुटाचा भाव वीस हजार रुपये धरला, तर यंत्राखालच्या फरशीचीच किंमत ऐंशी हजारांच्या घरात जाते. म्हणजे पुष्कळदा यंत्राहून फरशीच महाग! समोरून दार उघडणाऱ्या यंत्राच्या माथ्याचा ओट्यासारखा उपयोग होतो, पण दार उघडून वाकण्यापुरती मोकळी जागा पुढे लागते. वरून झाकण उघडणाऱ्यास ती कमी लागते. मात्र त्याच्या डोक्यावर फळी ठोकता येत नाही. जेथे पाणी सकाळी दोन तास येते, तेथे बादलीने पाणी भरता येणारे, चाकांवर मोरीपर्यंत ढकलत नेता येणारे दोन टाक्यांचे सेमी-ऑटोमॅटिकच उपयोगी. ते स्वस्त म्हणून गणले जाते. परंतु एका टाकीतून दुसरीत कपडे टाकण्यासाठी कोणीतरी जवळ उभे राहावे लागते, आणि ते कोणीतरी बहुधा घरातील स्त्रीच असते. तिचा तासभर किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. नवराबायको दोघेही नोकरीला जात असतील, तर आधी चोवीस तास पाणी देणारा नळ आणि मग स्वयंचलित यंत्र, हाच क्रम शहाणपणाचा.

खरी गफलत आहे ती 'ड्रायर' या शब्दात. आपल्याकडे पिळणाऱ्या टाकीलाच ड्रायर म्हणण्याची रीत पडली आहे. ती टाकी कपडे वाळवीत नाही, नुसती गरगर फिरवून पाणी झटकते. उष्णतेने वाळविणारा ड्रायर निराळा, आणि त्याचे वीजबिलही निराळे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे 0.63 युनिट उष्णता लागते. निसर्गाचा हा दर कोणत्याही सवलत योजनेत उतरत नाही. हीट पंपाचा ड्रायर तीच उष्णता पुन्हा वापरून बचत करतो, पण त्याची किंमत भारी आणि जागाही स्वतंत्र. धुणे-वाळविणे एकत्र करणारे यंत्र जागा वाचविते खरे. मात्र आठ किलो धुणारे यंत्र एका वेळी साधारण पाचच किलो वाळविते, हे घरी आल्यावर कळते. त्यापेक्षा मिनिटाला 1200 ते 1400 फेरे घेऊन पिळणारे यंत्र आणि छताला कप्पीवर टांगलेली दांडी, ही जोडी वर्षातले आठ महिने पुरते. प्रश्न उरतो तो पावसाळ्याचा. बंद खोलीत कपडे वाळत घातले की भिंतींना बुरशी धरते, आणि त्याच खोलीत मुले झोपतात.

येथे ग्राहकाचे शहाणपण संपते. पाण्याचा जोड, सांडपाण्याची मोरी, 16 अँपिअरचा प्लग आणि वारा लागेल अशी हातभर गॅलरी नकाशातच नसेल, तर यंत्र कितीही पारखून घेतले तरी ते शेवटी पलंगाच्या उशाशी येते. पुनर्विकासाच्या करारावर सह्या करणाऱ्या सोसायट्या मोटारींच्या जागेसाठी महिनोन् महिने भांडतात. त्याच बैठकांत, नकाशा मंजुरीस जाण्यापूर्वी, धुण्याच्या या कोपऱ्याचीही मागणी लेखी नोंदविता येते.