कमल आत, विमल बाहेर

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी गेटपासची प्रणाली लिहीत होतो. कंत्राटी कामगारांची माहिती एक्सएमएल फाइलमधून यायची आणि तिची रचना बरोबर आहे का, हे एक्सएमएल स्कीमा तपासायचा. नाव मराठीतही चालावं म्हणून मी नियम लिहिला: युनिकोडमधलं कुठलंही ‘अक्षर’ चालेल.

चाचणीत ‘कमल’ पास झाली. ‘विमल’ नापास.

कारण सरळ आहे. युनिकोडच्या लेखी ‘व’ हे अक्षर, पण त्याची वेलांटी अक्षर नाही. तिचा गट वेगळा, चिन्हांचा. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळे त्याच गटात. म्हणून माझ्या नियमात ‘मदन’ बसायचा, ‘मोहन’ नाही. खुद्द ‘चाकण’ बसत नव्हतं!

टीममध्ये लगेच तोडगा निघाला: “नाव इंग्रजीतच घेऊ. स्टँडर्डच तसं आहे.”

हे साफ खोटं आहे. एक्सएमएल १९९८ पासून युनिकोडवर उभं आहे. टॅगचं नावसुद्धा देवनागरीत देता येतं. स्कीमाच्या २००१ च्या मानकात देवनागरीचा अख्खा विभाग एका शब्दात मागता येतो. नियमात चिन्हांचा गट जोडायला मला एक मिनिटही लागलं नाही. दोष मानकाचा नव्हता, माझा होता.

कोणी म्हणेल, आपल्या पट्ट्यात रोज हाताळतो त्या ऑटोसारच्या फाइलींतही नावं इंग्रजी अक्षरांतच असतात. असतात, कारण त्यांतून पुढे सी भाषेतला कोड तयार होतो. कामगार म्हणजे व्हेरिएबल नव्हे.

नाव फक्त इंग्रजीत घेतलं की गेटवरचा ऑपरेटर ऐकून स्पेलिंग टाकतो. तेच पुढे पीएफच्या नोंदीत गेलं आणि आधारशी जुळलं नाही, तर पैसे काढताना अर्ज अडकतो. फाइल मात्र ‘व्हॅलिड’च असते, कारण स्कीमा साचा तपासतो, खरं-खोटं नाही. शेजारी मराठी नाव असतं तर चूक विमलताईंनीच तिथल्या तिथे दाखवली असती.

तेव्हा पुढचा स्कीमा लिहाल, तेव्हा चाचणीला ‘टेस्ट वन’ नको. ‘ज्ञानेश्वर’ टाका, ‘कृष्णाबाई’ टाका. अडलं, तर नाव बदलू नका, नियम बदला.