'ते' हरवले आहे!

व्याकरण हा काही दिवाळी अंकाचा विषय नव्हे. चकली-अनारशांच्या ताटाशेजारी विभक्तिप्रत्ययांची पंगत कोण मांडील? पण वाचकहो, या सदरातून आपण वर्षभर मराठी शब्दांच्या कुळकथा पाहिल्या. आज सणाच्या निमित्ताने जरा परमुलखात जाऊन यावे म्हणतो. तेथे लक्षावधी कुटुंबांना आपल्या घरातली एक वस्तू हरवते की काय, अशी धास्ती वाटते आहे. वस्तू म्हणजे नपुंसकलिंग!

हसू नका. रशियन भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. शेजारची हिंदी दोनांवर भागवते. पण रशियन माणूस मराठी माणसाप्रमाणे 'तो', 'ती' आणि 'ते' असा तिहेरी संसार करतो. सफरचंद, झाड आणि दूध ही आपल्याकडे 'ते', आणि योगायोग असा की तिकडेही 'ते'च. मात्र न्यूयॉर्कच्या ब्राइटन बीच वस्तीत वाढणारे रशियन घरातले एखादे पोर खुशाल "तांबडी सफरचंद" म्हणते. आजी कपाळाला हात लावते, पाहुणे खो खो हसतात आणि पोर गोरेमोरे होते.

ही घरे परदेशी गेली कशी, ते थोडक्यात सांगतो. १९८९ पासूनच्या वीस वर्षांत सोव्हिएत मुलखातून सुमारे दहा लाख माणसे एकट्या इस्रायलमध्ये आली. जर्मनीत वीस लाखांहून अधिक आली, आणि त्यांची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. त्यांचे पूर्वज मूळचे जर्मन. सम्राज्ञी कॅथरिनने १७६३ साली परदेशी वसाहतकऱ्यांना आमंत्रण दिले, तेव्हा त्यांतले पुष्कळजण व्होल्गाकाठी जाऊन राहिले. पिढ्यान् पिढ्या त्यांनी तेथे जर्मन जपली. १९४१ साली स्टालिनने त्यांना कझाकस्तानात आणि सैबेरियात हाकलले, आणि हळूहळू घरात रशियन आली. नातवंडे 'मायदेशी' जर्मनीत परतली ती रशियन बोलत! आता त्यांची मुले पुन्हा जर्मन बोलतात आणि रशियन विसरतात. वारसा म्हणजे तांब्यापितळेची भांडी नव्हेत, की एकदा नाव घातले म्हणजे ती पिढ्यान् पिढ्या आपलीच राहावीत.

आता त्या 'तांबडी सफरचंदा'कडे वळू. सफरचंदाला रशियनमध्ये 'याब्लको' म्हणतात. ओकारान्त नाम साधारणपणे नपुंसकलिंगी आणि आकारान्त नाम साधारणपणे स्त्रीलिंगी, असा तिकडचा ढोबळ नियम आहे. पण बोलताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि शेवटचा 'ओ' पुसट होऊन 'आ'सारखा ऐकू येतो. लिहायचे 'याब्लको', कानावर पडते 'याब्लका'. पोराने ऐकलेल्या 'आ'वरून शब्द स्त्रीलिंगात बसवला, तर त्याचे काय चुकले? त्याने नियमच पाळला!

मॉस्कोतले मूलही लहानपणी अशा चुका करते. पण त्याच्या कानावर दिवसभर चहूकडून रशियन पडते. पुढे ते वाचू लागते आणि कानाला न ऐकू आलेला तो 'ओ' डोळ्यांना दिसतो. ब्राइटन बीचच्या मुलाला पाचव्या वर्षी शाळा लागते आणि दिवसाचे सगळे व्यवहार इंग्रजीत सुरू होतात. रशियन उरते सकाळच्या दुधापुरती आणि रात्रीच्या जेवणापुरती. भाषा मरत नाही, तिची वाढ खुंटते. मूल बारा वर्षांचे होते, त्याची रशियन मात्र पाच वर्षांचीच राहते.

मारिया पोलिन्स्की या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतल्या अशा रशियनचा बारकाईने अभ्यास केला आहे. ज्यांची रशियन बरी, त्यांच्याकडे तिन्ही लिंगे टिकतात. ज्यांची फार दुबळी, त्यांच्याकडे दोनच उरतात आणि 'ते' बहुधा 'ती'मध्ये विरून जाते. सहा विभक्तींचेही तेच. त्या आकसत दोनांवर येतात. आणखी एक मौज तिला आढळली. रोजच्या वापरातल्या दोनएकशे शब्दांपैकी किती येतात एवढे पाहिले, की त्या माणसाच्या व्याकरणाचाही बराचसा अंदाज बांधता येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच!

लिंग गेले तर आकाश कोसळते काय, असे कोणी विचारील. नाही कोसळत. पण त्याच्यामागून आणखी काही जाते. रशियनमध्ये आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा भेद आहे. परक्या वडीलधाऱ्याला 'तुम्ही' म्हणायचे आणि नावाला बापाचे नाव जोडायचे. 'आन्ना इव्हानोव्ना', म्हणजे इव्हानची लेक आन्ना. घरात मात्र आईला आणि आजीलाही 'तू'च म्हणतात, आपण 'अगं आई' म्हणतो तसे. घराबाहेर ज्याने रशियन ऐकलीच नाही, ते मूल दारी आलेल्या सत्तर वर्षांच्या गृहस्थालाही 'तू' म्हणून मोकळे होते. मूल उर्मट नसते; त्याच्या भाषेत परका माणूस कधी आलेलाच नसतो.

मग पुन्हा हशा होतो. मला या गोष्टीत सर्वांत काळजी वाटते ती या हशाची. दोनचारदा हसे झाले, की मूल आजीला इंग्रजीत उत्तर देऊ लागते. आजीला इंग्रजी बेताचे. ती थोडे बोलते, मूल थोडे ऐकते आणि एका छताखाली दोन माणसे एकमेकांना पाहुणी होतात. नपुंसकलिंगावाचून घर चालेल. आजीवाचून नातवंडाचे घर कसे चालावे?

कोर्नेई चुकोव्स्की (१८८२–१९६९) या रशियन लेखकाने 'दोन ते पाच' नावाचे पुस्तक लिहिले. मुलांच्या बोलण्यातल्या गमती टिपून ठेवल्या आणि दाखवून दिले की मुलाची चूक हा त्याच्या बुद्धीचाच पुरावा असतो. त्याचा पद्यातला एक पशुवैद्य रशियन मुलांच्या पिढ्यांना पाठ आहे. त्याचे नाव डॉक्टर आयबोलित, म्हणजे 'आय, दुखतंय!' आपले मूलही ठेच लागली की याहून वेगळे काय म्हणते?

उपायही तेथेच आहे. मुलाची चूक काढू नये. तेच वाक्य आपण नीट बोलून पुढे चालावे. रोज रात्री दहा मिनिटे पुस्तक वाचून दाखवावे, आणि पुढे अक्षरे शिकवावीत, कारण तो हरवलेला 'ओ' कागदावरच सापडतो. रशियन कुटुंबांनी अमेरिकेत नि जर्मनीत शनिवार-रविवारच्या शाळा काढल्या, त्या याचसाठी. इस्रायलमधल्या काही बालवाड्यांत तर अगदी लहान मुलांशी आधी रशियन बोलतात आणि हिब्रूला हळूहळू तिच्या जोडीला आणतात. शिवाय बरोबरीचे सवंगडी हवेत. नुसत्या आईबापांशी बोलून भाषा शिळी होते.

२०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाले आणि पुष्कळ घरांपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. परदेशातली कितीतरी रशियन बोलणारी कुटुंबे मूळची युक्रेनमधलीच. काहींनी ती भाषा सोडली; कोणी त्यांना दोष देऊ नये. काहींनी राखली, कारण ती त्यांना कोणा सरकारने दिलेली नव्हती, आईने दिली होती.

इस्रायलमध्ये अश्दोद नावाचे बंदर आहे. तेथे रशियन बोलणारी वस्ती मोठी आहे, आणि आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायलही आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी मराठी जपली, त्या देशात 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. पण नातवंडे हिब्रूतच बोलतात. संख्येने थोड्यांची भाषा लवकर आटते, पुष्कळांची जरा उशिरा, एवढाच काय तो फरक.

या दिवाळीत परदेशातला, किंवा चार गल्ल्यांपलीकडल्या इंग्रजी शाळेतला, तुमचा नातू फराळ करताना "आजी, ती लाडू दे" म्हणेल. आजीबाई, हसू मात्र नका. "हा घे लाडू" म्हणा, आणि हातात एक नव्हे, दोन ठेवा.