मेगापिक्सेलची मर्यादा
डिजिटल कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असेच वाढत राहणार का? माझं उत्तर स्पष्ट आहे. खिशातल्या कॅमेऱ्यापुरती मर्यादा आली आहे आणि ती प्रकाशाच्या स्वभावानेच घातली आहे. लेन्समधून आलेला प्रकाशबिंदू बिंदू राहत नाही. विवर्तनामुळे त्याची इवलीशी चकती होते. एफ/१.८ छिद्राच्या निर्दोष लेन्समध्येही हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे २.४ मायक्रॉनची असते. २०० मेगापिक्सेलच्या फोनमधला पिक्सेल मात्र जेमतेम ०.६ मायक्रॉनचा! म्हणून असे फोन एरवी १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला तर ९ मेगापिक्सेलही पुरतात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आहे खरा, पण त्याचा पिक्सेल १० मायक्रॉनचा, सेन्सरचा पसारा ६० सेंटिमीटरहून रुंद आणि दुर्बिणीचा आरसा ८.४ मीटरचा. बारीक तपशील हवा असेल, तर प्रकाशाला जागा द्यावीच लागते. तेव्हा नवा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. सेन्सर केवढा आणि लेन्स कशी, हे आधी विचारा.