वाटाड्याच्या डोळ्यांनी पाहिलेले शांघाय

परदेशी जाऊन आलेल्या माणसाचा शब्द आपल्याकडे सहसा कोणी खोडून काढीत नाही. त्यातून तो चीनहून आलेला असेल तर विचारायलाच नको. सकाळी नऊला हॉटेलच्या दाराशी खाजगी मोटार येते. इंग्रजी बोलणारा, परवानाधारक वाटाड्या हसतमुखाने पुढे होतो. सायंकाळपर्यंत शांघायसारखे अडीच कोटी वस्तीचे शहर 'पाहून' होते. नदीकाठचा बंड, यू उद्यान, नानजिंग रस्त्यावरील दुकाने, पलीकडच्या काठावर ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर, आणि शेवटी रुळांना न टेकता विमानतळाकडे धावणारी चुंबकीय गाडी. परत आल्यावर या एका दिवसाच्या भांडवलावर निकाल दिला जातो : 'त्यांनी करून दाखविले, आपल्याला जमले नाही, आपल्याकडे लोकशाहीचे फाजील लाड झाले.'

हा निकाल केवळ दिवाणखान्यात राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात याच निकालाचे राज्याचे धोरण झाले, आणि त्याची किंमत ज्यांनी कधी शांघायचे चित्रही पाहिले नव्हते अशांनी मोजली. त्यांत मराठवाड्यातून पोट भरण्यासाठी मुंबईला गेलेली माणसे होती, आणि ते धोरण राबविणारे मुख्यमंत्रीही मराठवाड्याचेच होते. म्हणून नायगाव-मुखेडच्या कार्यकर्त्याने 'आपला शांघायशी काय संबंध?' असे म्हणून हा विषय बाजूला सारणे बरोबर होणार नाही.

'मुंबईचे शांघाय'

सप्टेंबर २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' ही उद्योगपतींची संस्था आणि मॅकिन्झी ही अमेरिकन सल्लागार कंपनी यांनी 'व्हिजन मुंबई' नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. दहा वर्षांत मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करावयाचे, त्यासाठी सुमारे दोन लाख कोटी रुपये लागतील, असे त्यात मांडले होते. डोळ्यांसमोर आदर्श होता तो शांघायचा. पुढे २००४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन दिले, मते घेतली, आणि १ नोव्हेंबर २००४ रोजी लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे विलासराव देशमुख पुन्हा मुख्यमंत्री झाले. लगेचच १९९५ नंतरच्या झोपड्या बेकायदा ठरवून पाडण्याची मोहीम सुरू झाली. त्या हिवाळ्यात ८० हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्या. तीन लाखांहून अधिक माणसे उघड्यावर आली. वचन दिलेले साल आणि बुलडोझरने मानलेले साल यांत पाच वर्षांचे अंतर होते. त्या पाच वर्षांत जे मुंबईला आले, ते या हिशेबात माणसेच नव्हती.

त्यानंतर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी नदीचे पात्र भराव घालून बुजविणाऱ्या शहराला निसर्गाने त्याची जागा दाखविली. बुलडोझर चालला होता तो झोपडीवर. नदीच्या पात्रात घुसलेल्या मोठ्या बांधकामांपुढे त्याचा जोर संपला होता.

मुख्यमंत्र्यांनी शांघायकडून शिकावयाचे ठरविले होते, तर त्यात मूलत: काही वावगे नव्हते. प्रश्न असा आहे की त्यांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी शांघायमध्ये पाहिले काय?

वाटाड्या जेथे थांबत नाही

बंडवरील हिरव्या टोकदार छपराच्या हॉटेलपुढे वाटाड्या अवश्य थांबतो. १९२९ साली ही इमारत ससून घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी उभी केली. ससून हे नाव मराठी माणसाला नवे नाही. पुण्याचे ससून रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक, ही त्याच घराण्याची देणगी आणि मालमत्ता. या घराण्याच्या संपत्तीचा एक मोठा उगम म्हणजे मुंबईहून चीनला जाणारी माळव्याची अफू. पुढे मुंबईत त्यांच्या कापड गिरण्या उभ्या राहिल्या. आणि मुंबईतील नफ्याची खात्री उरली नाही तेव्हा, व्हिक्टर ससून यांनी आपले भांडवल शांघायच्या जमिनींत आणि इमारतींत वळविले. याचा अर्थ असा की बंडवरची ती शोभा चिनी व्यसनी माणसाच्या आणि गिरणगावातील कोकणी-घाटी कामगाराच्या घामावर उभी आहे. वाटाड्या तिची वास्तुशैली सांगतो. तिचा जमाखर्च सांगत नाही.

तेथून मोटार शिन्तिएन्दी भागात जाते. दगडी चौकटींच्या दारांची जुनी घरे तेथे दुरुस्त करून त्यांत उंची उपाहारगृहे आणि दुकाने थाटली आहेत. त्याच आवारात, जुलै १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन जेथे भरले ते घर जपून ठेवले आहे. क्रांतीचे देवघर आणि चैनीचा बाजार एकाच अंगणात! पर्यटक दोहोंची छायाचित्रे घेतो. या घरांत पूर्वी दाटीवाटीने राहणारी कुटुंबे कोठे गेली, हे तो विचारीत नाही, आणि वाटाड्या आपण होऊन सांगत नाही.

ती कोठे गेली हे विचारणाऱ्या माणसाचे काय झाले, हे मात्र जगाला ठाऊक आहे. शांघायचे वकील झेंग एन्चोंग हे जुन्या वस्त्यांतून उठविलेल्या रहिवाशांना बड्या बांधकाम व्यावसायिकांविरुद्ध कायदेशीर सल्ला देत होते. जून २००३ मध्ये त्यांना अटक झाली आणि 'शासकीय गुपिते' परदेशी पाठविल्याच्या आरोपावरून ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. तारखा लक्षात घेण्याजोग्या आहेत. सप्टेंबरात मुंबईत शांघायचे गुणगान करणारा अहवाल निघतो, आणि पुढल्याच महिन्यात शांघायमध्ये बेघरांचा वकील तुरुंगात जातो. पुढे २००६ मध्ये शांघायचे पक्षप्रमुख चेन लियांग्यू यांना पदावरून दूर करण्यात आले आणि २००८ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा निधी बेकायदा रीतीने धंदेवाइकांच्या हाती गेल्याचे ते प्रकरण होते. चकचकीत मनोऱ्यांच्या पायात हेही भरलेले आहे.

हुकोऊ आणि 'कट-ऑफ'

हे मनोरे बांधले कोणी? २०२० च्या चिनी जनगणनेनुसार शांघायची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४८ लाख होती; त्यांपैकी सुमारे १ कोटी ४ लाख माणसे बाहेरून आलेली, म्हणजे शांघायची कायम निवासनोंद नसलेली. या नोंदीला 'हुकोऊ' म्हणतात. १९५८ च्या नियमांनी ती पक्की झाली. जन्म ज्या खेड्यात, नोंद त्या खेड्याची. शहरात वीस वर्षे राबले तरी मुलाची शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन यांवर स्थानिकाइतका हक्क नाही. म्हणून लक्षावधी मुले आजी-आजोबांपाशी खेड्यातच राहतात, आणि आई-बाप वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला, घरी येतात.

नायगाव तालुक्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. दसरा-दिवाळी सरली की इकडच्याही कितीतरी घरांना कुलपे लागतात. कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, कोणी हैदराबादला बांधकामावर, कोणी पुण्या-मुंबईला. आणि लेकरे म्हाताऱ्यांच्या स्वाधीन होतात. आपल्याकडे हुकोऊचा कायदा नाही, आपल्या संविधानाने देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, हे खरे. परंतु '१९९५ पूर्वीचा पुरावा दाखव' असे म्हणणारी कट-ऑफची तारीख म्हणजे मागल्या दाराने आणलेला हुकोऊच नव्हता काय? राबण्यासाठी ये, राहू नकोस, हाच दोहोंचा अर्थ.

फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. मुंबईचा बेघर माणूस आझाद मैदानावर जाऊ शकला, वृत्तपत्रांनी लिहिले, ज्यांनी मते घेतली होती त्यांना लाज वाटली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ती मोहीम थांबवावी लागली. चीनच्या १९७५ च्या राज्यघटनेत संपाचा हक्क लिहिलेला होता. १९८२ च्या राज्यघटनेतून तो वगळण्यात आला. त्याच १९८२ साली, १८ जानेवारीला, मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. ते हरले, गिरण्यांच्या जमिनींवरही मनोरे आले, हे दु:ख खरे आहे. परंतु हरण्यासाठीसुद्धा लढण्याचा हक्क असावा लागतो. ज्याला पर्यटक 'लोकशाहीचे फाजील लाड' म्हणतो, तो हा हक्क आहे.

जे शिकण्यासारखे होते

येथे न्यायाची बाब म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चीनने कोट्यवधी माणसांना दारिद्र्यातून वर काढले, ही वस्तुस्थिती आहे; ती नाकारणे हा आंधळेपणा ठरेल. परंतु तिचे मूळ काचेच्या मनोऱ्यांत नाही. पुडोंगचा विकास जाहीर झाला १९९० साली. त्याच्या कितीतरी आधी, १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, जमीनदारी मोडून जमीन कसणाऱ्यांना वाटली गेली होती. गावोगाव प्राथमिक शाळा आणि अल्पशिक्षित का होईना, पण हाताशी असलेले आरोग्यसेवक पोहोचले होते. १९८० च्या सुमारास चीनचे सरासरी आयुर्मान पासष्टीच्या आसपास होते, तेव्हा भारताचे चौपन्नच्या आसपास. शिकलेला, धडधाकट कामगार आधी तयार झाला. कारखाने आणि मनोरे मागून आले. हा क्रम आपल्या राज्यकर्त्यांनी पाहिला नाही. त्यांनी कळस पाहिला आणि पाया म्हणून बुलडोझर आणला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नसताना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसताना शांघायचा जप करणे, ही शुद्ध फसवणूक आहे.

डाव्या चळवळीलाही या बाबतीत स्वत:ला निर्दोष मानता येणार नाही. १९३२ मध्ये सिडनी आणि बिआट्रिस वेब यांच्यासारखे विद्वान समाजवादी रशियाचा दौरा करून आले आणि तेथे नवी संस्कृती अवतरल्याचा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकातील प्रश्नचिन्हही पुढल्या आवृत्तीत गळाले. त्याच काळात युक्रेनमध्ये माणसे उपासमारीने मरत होती. चीनमधील ताचाई हे खेडे १९६४ पासून आदर्श म्हणून गाजले. जगभरचे पाहुणे तेथे नेले गेले आणि भारावून परतले. १९८० मध्ये चिनी वृत्तपत्रांनीच कबूल केले की तेथील उत्पन्नाचे आकडे फुगविलेले होते आणि स्वावलंबनाच्या त्या नमुन्याला बाहेरची भरघोस मदत होती. १९५८ ते १९६१ च्या दुष्काळात चीनमध्ये किमान अंदाजानेही दीड कोटी माणसे मेली. ती कोणत्याही पाहुण्याच्या वाटेवर दिसली नाहीत. काल आपण ताचाई पाहून फसलो, आज ते शांघाय पाहून फसतात. पाहुणा बदलला, वाटाड्या तोच आहे.

आणि वाटाड्या केवळ चीनमध्येच असतो असेही नाही. मंत्र्यांचा दौरा ठरला की रस्त्यावर मुरूम पडतो, शाळेला चुना लागतो, बोलणारी माणसे आधीच निवडली जातात. दुष्काळाची पाहणी करणारे पथक डांबरी सडकेलगतच्या दोन शेतांत, दिवेलागणीच्या वेळी, मोटारीतून उतरते आणि मराठवाड्याचा अहवाल लिहिते. शांघायमधील एक दिवस आणि नायगावमधील अर्धा तास यांत तत्त्वत: काय फरक आहे?

दुसरा प्रवासी

चीनला गेलेला एक मराठी माणूस असाही होता की ज्याला वाटाड्याची गरज भासली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली, तेथील परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच भूमीत देह ठेवला. चीन कसा आहे हे त्यांनी मनोऱ्यावरून पाहिले नाही. जखमी शेतकऱ्याच्या उशाशी बसून पाहिले.

प्रत्येकाने कोटणीस व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. सहलीला जाणेही गुन्हा नव्हे. ज्याला परवडते त्याने खुशाल जावे. परंतु चीनहून, सिंगापूरहून किंवा आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या 'आदर्श' गावाहून परतलेला माणूस सभेत छायाचित्रे दाखवू लागला, तर कार्यकर्त्याने उठून चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे बांधणारे रात्री कोठे झोपतात? त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात? येथे पूर्वी कोण राहत होते, आणि त्यांना काय मिळाले? या कामगारांनी उद्या काम थांबविले तर त्यांचे काय होईल? ज्याच्यापाशी या चार प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याने शहर पाहिलेले नाही. त्याला ते दाखविले गेले आहे. आणि अशा माणसाच्या सांगण्यावरून एकही झोपडी हलता कामा नये.