साथीला कोण होतं?

देव भेटला असं कोणी सांगितलं तर मी एक वेळ विश्वास ठेवीन. पण जुन्या हिंदी गाण्यातला सॅक्सोफोन कोणी वाजवला ते रेडिओवर सांगितलं, असं कोणी म्हणालं तर मुळीच ठेवणार नाही. फर्माइशींच्या कार्यक्रमात निवेदक गायिकेचं नाव सांगे, संगीतकाराचं सांगे, गीतकाराचं सांगे, आणि मग झुमरीतलैयाच्या समस्त मंडळींची यादी सहकुटुंब सहपरिवार वाचून दाखवी. म्हणजे ज्यानं पोस्टकार्ड लिहिलं त्याचं नाव अखिल भारतात, आणि ज्यानं छाती फुटेस्तोवर ट्रंपेट फुंकला तो बेनाम!

आमच्या बँकेत दहा रुपयांच्या व्हाउचरवरसुद्धा दोन सह्या लागतात. ज्यानं केलं त्याची एक, ज्यानं तपासलं त्याची दुसरी. भोसरीच्या शेडमधून मोटारीचा सुटा भाग बाहेर पडतो तोही लॉट नंबर घेऊनच. बोल्ट तुटला तर कुठल्या लॉटचा ते सांगता येतं. पण ज्या गाण्यावर साठ साठ वर्षं आपण माना डोलावतोय, त्याच्या मधल्या म्युझिकला जबाबदार कोण, हे विचारा. उत्तर नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या वहीला दोन बाजू असतात, 'जमा' आणि 'नावे'. इथं टाळ्या सगळ्या जमा आहेत, नावे कोरं!

एके काळी गायकांचीही हीच गत होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1949 साली 'महल'मधल्या लताबाईंच्या त्या सुप्रसिद्ध गाण्याची तबकडी आली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावरचं पात्र! लोकांनी पत्रं धाडधाडून विचारलं, ही बाई कोण? पुढे गायकांना त्यांचं नाव मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण लोणावळा लोकलमध्ये एक जण आत शिरला की दार अडतं, तसं झालं. मागचे सगळे फलाटावरच राहिले.

हे मागचे म्हणजे कोण? त्यातले बरेचसे गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळेत 'मेस्त' पोरांना पाढ्यांच्या वयात पाच रेघांचं नोटेशन घोकून घेत. ती पोरं मोठी होऊन मुंबईत आली आणि ताजसारख्या हॉटेलांत जाझ वाजवू लागली. 1935 मध्ये लिऑन ॲबी आणि पुढे टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकेतले काळे वादक ताजला आले. त्यांच्याकडून या मंडळींनी ऐन वाजवताना नवं सुचत जाण्याची कला उचलली. मग इंग्रज गेले, संस्थानिक गेले, मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली कामं आटली. वादक मात्र पोटासकट शिल्लक होते. ते सिनेमाच्या स्टुडिओत शिरले.

तिथं त्यांची गरजही होतीच. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. चाल म्हणजे एकच रेघ. तिच्याखाली कोणते स्वर एकत्र उभे करायचे, गायिका श्वास घेते तेव्हा व्हायोलिनांनी काय बोलायचं, दोन अंतऱ्यांमध्ये काय वाजायचं, हे लिहून काढणारा तो 'अरेंजर', म्हणजे संगीत संयोजक. आपलं संगीत म्हणजे एकट्यानं डोंगर चढणं. हार्मनी म्हणजे दिंडी. प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडतं, पण सगळे जातात पंढरीलाच.

'अलबेला' (1951) आठवा. दिग्दर्शक आपले भगवानदादा, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्यात बँडसकट पडद्यावर दिसतो तो चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव आल्दोना. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1967 मध्ये तो गेला. गणपतीत आमच्या आकुर्डीत त्याच्या तालावर तीन पिढ्या नाचल्या असतील; पण चिक चॉकलेट कोण असं विचारलं तर आजही लोक वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवतील. सेबॅस्टियन डिसूझांनी दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं संयोजन केलं. गळ्याखालून व्हायोलिनांची वेगळीच चाल वाहत असते ना, ती त्यांच्या हातची. आपण म्हणतो, "वा, काय शंकर-जयकिशन आहे!" आहेच. पण पुढे एक स्वल्पविराम देऊन तिसरं नाव घ्यायला काय जातं?

सगळ्यात मोठा विनोद अँथनी गोन्साल्विस यांचा. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ प्रचंड अंड्यातून बाहेर येऊन हे नाव सांगतो आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. ते नाव खऱ्या माणसाचं, माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाचं आणि संयोजकाचं. प्यारेलाल त्यांचे शिष्य. गाण्यातून त्यांनी गुरुदक्षिणा दिली. या गृहस्थांनी 1958 साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून आपले राग त्याच्याकडून वाजवून घेतले होते. 2012 मध्ये ते गेले. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या माणसाचं नाव घराघरांत पोचलं, तेही अंड्यातून! आणि ऐकणाऱ्यांना वाटलं, काल्पनिक आहे.

यावर आमचे एक शेजारी म्हणतात, "पैसे मिळाले ना रोजच्या रोज? मग नाव कशाला?" हेच शेजारी सोसायटीच्या जिन्यात बाक दिला तर पाठीवर तीर्थरूपांचं नाव रंगवून घेतात. दुसरे म्हणतात, "हार्मनी परकी हो, आपली नव्हे." हार्मोनियम काय आळंदीला उगवला? तिसऱ्यांचं म्हणणं, शंभर वादकांची नावं छापायला जागा कुठं आहे? आता तर गाणं फोनवर वाजतं. त्या फोनमध्ये आख्ख्या पिंपरी-चिंचवडचे टेलिफोन नंबर मावतात, शंभर नावं मावत नाहीत?

जिथून हे जाझ आलं तिथली रीत बघा. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी 1959 ची. ट्रंपेट माइल्सचा, पण बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब, हे सगळं लिहिलेलं. विंटन केली एकाच रचनेपुरता पियानोवर बसला, त्याचंही नाव आहे. तिथं सगळे संत होते असं नव्हे. तबकडीतली एक रचना माइल्सच्या नावावर आहे आणि बिल इव्हान्स हा पियानोवादक ती माझी म्हणत राहिला. पण भांडायला तरी आधी नाव लागतं. आमच्याकडे भांडण नाही, कारण वादीच सापडत नाही.

आणि आमचा कायदा? 2012 मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. त्यात कलावंताला स्वतःचं नाव लागण्याचा हक्क आहे. छान! पण व्याख्येत एक पोटकलम ठेवलंय. सिनेमात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठंच दिलं जात नाही, त्याला कलावंत मानायचं नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करावी, एवढीच त्याला सवलत. म्हणजे नाव का नाही? तर कलावंत नाही. कलावंत का नाही? तर नाव नाही. इतका सुबक गोल आमच्या बँकेच्या परिपत्रकांनाही साधलेला नाही.

आता कोणी म्हणेल, नावाचा सोस हा अहंकार. वाचकहो, तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आमच्या आकुर्डीला मुक्कामाला असते. ज्यांनी अहंकाराला उभं केलं नाही, त्या तुकोबांच्या अभंगात शेवटी नाव असतंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या चौदा टाळकऱ्यांची नावं वारकऱ्यांनी जपली आहेत. चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तबकडी नाही, फोन नाही, तरी साथीला कोण होतं ते आपल्याला ठाऊक आहे. शास्त्रीय मैफलीतही तबला-पेटीवाल्याचं नाव घेतल्याशिवाय पडदा सरकत नाही. मग सिनेमाच्या गाण्याच्या वेळीच आपल्याला विसराळूपणा कुठून येतो?

त्या पिढीतले जे वादक अजून हयात आहेत, त्यांना अमुक गाण्यात बासरी कोणाची, ट्रंपेट कोणाचा, हे पाठ असेल. त्यांना आजच विचारा आणि लिहून घ्या. उद्या विचारायला कोणी असेल की नाही, कोण सांगणार? आणि येत्या गणपतीत निवेदकानं गायिकेच्या आवाजाला मधाची, चांदण्याची, प्राजक्ताची उपमा दिली, की पहिल्या रांगेतून कोणी तरी उठून मोठ्यांदा विचारा, "साथीला कोण होतं हो?"

उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.